शिकार व वन्यजीव-संघर्ष, नागपूर प्रदेशातील

नागपूर शहराच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस पसरलेला हिंगणा–काटोल–बोर हा वनपट्टा आणि त्याच्याशी निगडित असलेली वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील अरण्ये यांमधील शिकारीचा, तसेच माणूस व वन्यप्राणी यांच्यातील संघर्षाचा इतिहास. या प्रदेशात वाघ, बिबळ्या, रोही (नीलगाय), रानडुक्कर इ. प्राण्यांचा मानवी वस्तीशी फार जुना संबंध आहे. वन्यप्राण्यांना मारण्याचा किंवा राखण्याचा अधिकार गोंड राजे, भोसले, ब्रिटिश सरकार, शिकारीचे परवानेधारक आणि अखेर वनखाते असा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. वन्यप्राण्यांच्या सान्निध्याची झळ मात्र सर्व काळात प्रामुख्याने रानालगतचा कास्तकार, गुराखी आणि वनोपज गोळा करणारी स्त्री यांनाच सोसावी लागली. अधिकार एकाकडे व नुकसान दुसऱ्याकडे ही विभागणी या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

प्रदेश व प्राणिजीवन : हिंगणा हा नागपूर जिल्ह्यातील एक तालुका असून त्याचा बराचसा भाग वेणा नदीच्या खोऱ्यात येतो. पूर्वेकडे नागपूर शहर व औद्योगिक वसाहती, तर पश्चिमेकडे बोर अभयारण्याच्या टेकड्या अशी त्याची स्थिती आहे. येथील वने शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, ऐन, तेंदू, मोह, पळस व बांबू हे वृक्ष प्रामुख्याने आढळतात. वाघ, बिबळ्या, अस्वल, रानकुत्रा, सांबर, चितळ, रोही, भेकर, चौसिंगा व रानडुक्कर हे येथील प्रमुख प्राणी होत. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस अधिक पडत असल्याने तेथील वने तुलनेने दाट असून त्यांच्या कडेने भातशेती केली जाते.

या प्रदेशात शेत व रान यांच्यातील सीमा क्वचितच ठळक असते. ओढ्याकाठच्या झुडुपांतून, पडीक जमिनींतून आणि उभ्या पिकांतून प्राणी एका वनातून दुसऱ्या वनात ये-जा करतात. तुरीचे उंच वाढलेले शेत किंवा संत्र्याची दाट बाग रानडुकराला रानाइतकीच सोयीची वाटते व त्याच्या मागावर वाघ-बिबळेही तेथे येतात. गुरे चरावयास नेणे, सरपण आणणे, उन्हाळ्याच्या आरंभी मोहफुले व पुढे तेंदूची पाने गोळा करणे, या कामांसाठी माणसालाही रानात शिरावे लागते. त्यामुळे माणूस व प्राणी यांच्या गाठी पडणे हा येथे अपवाद नसून नित्याचाच भाग आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : नागपूर परिसरात महापाषाणयुगीन संस्कृतीची शिलावर्तुळे मोठ्या संख्येने आढळतात. टाकळघाट व खापा येथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने उत्खनन झाले. या संस्कृतीचे लोक लोखंडाचा वापर करीत असत व त्यांच्या दफनांत कुऱ्हाडी आणि इतर लोखंडी हत्यारे सापडतात. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात लोखंडी कुऱ्हाड हाती आल्यानंतर रान तोडून शेती वाढविणे सुकर झाले व माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातील जागेच्या स्पर्धेस येथे नवे वळण मिळाले, असे मानता येईल.

राजांच्या दृष्टीने शिकार हा करमणुकीचा व पराक्रमाचा विषय होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे सविस्तर वर्णन आले आहे. आईन-इ-अकबरी या ग्रंथात देवगडचा गोंड राजा जाटबा याच्या सैन्यातील हत्तींचा, तसेच त्या मुलखातील रानटी हत्तींचा उल्लेख आढळतो. जाटबाच्या वंशातील बख्तबुलंद याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर वसविले. पुढे रघूजी भोसले यांनी येथे सत्ता स्थापन केली व १८५४ मध्ये ब्रिटिशांनी हे राज्य खालसा केले. रानटी हत्ती या प्रदेशातून कालांतराने नाहीसे झाले. २०२१ मध्ये छत्तीसगढमधून एक कळप गडचिरोली जिल्ह्यात आला, तेव्हा हत्तीपासून पीक व घर कसे राखावे याचा अनुभव तेथील कोणत्याही हयात पिढीला नव्हता.

पारधी व गोंड यांची शिकार : राजांच्या मृगयेहून सर्वस्वी भिन्न अशी उपजीविकेची शिकार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यात पारधी जमातीचे स्थान महत्त्वाचे आहे. फासेपारधी हे तात, केस किंवा दोरा यांपासून केलेल्या फाशांनी तितर, लावे यांसारखे पक्षी आणि ससे, हरणे पकडीत. चित्तेपारधी हे रानातील चित्ते धरून त्यांना माणसाळवीत व काळवीटाच्या शिकारीसाठी संस्थानिकांकडे चाकरीस राहत. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार खंडांच्या ग्रंथात पारध्यांच्या या कौशल्याची दखल घेतली आहे. पारध्यांची शिकार पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांची संख्याही काही प्रमाणात आटोक्यात ठेवीत असे, म्हणून शेतकऱ्यांनाही ते उपयोगी पडत.

गोंड व इतर आदिवासींमध्ये सामूहिक शिकारीची प्रथा होती. तिला विधिनिषेधांची जोड असे. अनेक कुळांची प्रतीके प्राणी व वृक्ष ही असून आपल्या कुलप्रतीकाला इजा न करण्याचा दंडक पाळला जाई. वाघाने मारलेल्या माणसाच्या आत्म्याची शांती करण्याचे विधी मध्य भारतात रूढ होते. वाघोबा किंवा वाघदेव या नावाने शेंदूर लावलेल्या दगडी वा लाकडी मूर्तींची पूजा रानालगतच्या गावांत आजही होते. या श्रद्धांमुळे वाघाची शिकार पूर्णतः टळत असे, असे म्हणता येणार नाही. तथापि वाघ हा रानाचा धनी असून त्याच्याशी व्यवहार करूनच रानात वावरावे लागते, ही जाणीव त्यांतून व्यक्त होते.

ब्रिटिश काल : मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व वऱ्हाड-नागपूरकडे काळ्या जमिनीतील कापसाची लागवड वाढली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. सपाटीवरील रान कापसाखाली गेले व टेकड्यांवरील सागाला रुळांखालील शिळपाटांसाठी मागणी आली. १८६५ व १८७८ च्या वनविषयक कायद्यांनी रानाचा मोठा भाग सरकारच्या ताब्यात आणला. रानालगतच्या गावांना चराई, सरपण व इमारती लाकूड यांचे निस्तार हक्क मिळाले, परंतु ते हक्क म्हणून न राहता सवलती ठरल्या. गावच्या हद्दीतील उरलेल्या रानावर मालगुजारांचा ताबा राहिला.

या काळातील सरकारी धोरणात वाघ हा दुहेरी भूमिकेत दिसतो. लागवडीच्या विस्तारास अडथळा म्हणून तो उपद्रवी जनावर होता व त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे. त्याच वेळी तो साहेबी शिकारीचे सर्वांत मानाचे लक्ष्यही होता. जोसेफ फेअरर यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाघावरील ग्रंथात मध्य प्रांतातील एका वाघिणीमुळे १३ गावे ओस पडल्याची व सु. अडीचशे चौ. मैलांतील लागवड थांबल्याची हकीकत दिली आहे. मध्य प्रांताच्या वनखात्यात काम केलेले जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशाचे वर्णन करणारे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वाघांचे तीन वर्ग पाडले : मुख्यतः रानातील शिकारीवर जगणारे, गुरे मारणारे आणि अगदी थोडे नरभक्षक. गुरे मारणाऱ्यांचा वर्ग नरभक्षकांपासून वेगळा काढणारे हे वर्गीकरण पुढील काळातही उपयुक्त ठरले. रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या सिवनीविषयक पुस्तकामुळे (१८७७) व किपलिंगच्या जंगल बुकमुळे (१८९४) नागपूरच्या उत्तरेकडील पेंच-सिवनीचे रान इंग्रजी वाचकांस परिचित झाले.

बक्षिसे व क्रीडा या दोहोंचा एकत्रित परिणाम मोठा झाला. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबळे व दोन लाख लांडगे मारले गेले. यांत न नोंदलेल्या शिकारीचा समावेश नाही.

शिकारीची व्यवस्थाही याच काळात बांधली गेली. राखीव वनांचे शिकारीसाठी गट पाडून ते परवान्याने ठराविक मुदतीकरिता देण्यात येऊ लागले. हाका हा शिकारीचा सर्वांत प्रचलित प्रकार होता. त्यात आसपासच्या खेड्यांतील शेकडो माणसे ढोल-डबे बडवीत रान उठवीत आणि मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याच्या दिशेने जनावर हाकीत. हाक्यातील माणसांना अल्प मजुरी मिळे, काही ठिकाणी वेठही असे. जखमी वाघ उलटल्यास पहिली गाठ या लोकांशीच पडे. कातडे शिकाऱ्याच्या घरी जाई. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने बंदुकीस परवाना आवश्यक केला. पीक संरक्षणासाठी काही परवाने दिले जात, पण ते बहुधा मालगुजार व गावातील वजनदार मंडळींपर्यंतच पोहोचत. पारध्यांसारख्या भटक्या जमातींवर १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची टांगती तलवार होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाचा शिक्का पुसला गेला नाही. अशा रीतीने ज्याचे शिकारीत कौशल्य होते तो चोर ठरला आणि ज्याच्या हाती परवाना होता तो शिकारी ठरला.

संरक्षणाच्या कल्पनेचा उगमही याच व्यवस्थेत झाला. वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा १९१२ चा कायदा व मध्य प्रांतात १९३५ मध्ये झालेला शिकारविषयक कायदा यांनी बंद हंगाम, परवाने व मर्यादा ठरविल्या. यांचा मुख्य हेतू शिकारीसाठी जनावरे शिल्लक राहावीत हा होता. मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेला वन्यप्राण्यांवरील ग्रंथ मात्र शिकारीच्या आठवणींपलीकडे जाऊन प्राण्यांच्या सवयींच्या निरीक्षणावर भर देतो. याउलट रानालगतच्या जनतेचा असंतोष वेगळ्या मार्गाने प्रकट झाला. १९३० च्या जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रहास प्रारंभ झाला व तो वऱ्हाड-मध्य प्रांतात पसरला. राखीव वनातील गवत कापणे एवढीच वरवर साधी दिसणारी ही कृती होती, पण तिने रानावर हक्क कोणाचा हा प्रश्न उघडपणे मांडला.

स्वातंत्र्योत्तर काळ : मालगुजारी पद्धती १९५१ मध्ये संपुष्टात आली व मालगुजारांच्या ताब्यातील रान शासनाकडे आले. या संक्रमणकाळात पुष्कळ ठिकाणी झाडे तोडली गेली. बंदुका व जीपगाड्या वाढल्या. रात्री दिव्याच्या झोतात जनावर मारण्याचा प्रकार बोकाळला. परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सहली आयोजित करणाऱ्या व्यावसायिक संस्था याच काळात भरभराटीस आल्या. नागपूर येथील ॲल्विन कूपर ही संस्था त्यांपैकी एक असून ती पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी स्थापन केली होती. वाघाची शिकार हा परकीय चलन मिळवून देणारा व्यवसाय मानला जात होता.

दुसऱ्या बाजूस संरक्षणाचे प्रयत्नही वाढत होते. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९६९ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या अधिवेशनात वाघाच्या घटत्या संख्येकडे लक्ष वेधण्यात आले व १९७० मध्ये देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशातील वाघांची संख्या १,८२७ असल्याचा अंदाज करण्यात आला. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पास प्रारंभ झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत विदर्भातील मेळघाटाचा समावेश होता. पुढे ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर ही विदर्भातील क्षेत्रेही व्याघ्र प्रकल्पात आली.

१९७२ च्या अधिनियमाने शिकारीचा हक्क जवळजवळ संपविला. मनुष्यास धोकादायक झालेल्या प्राण्यास मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आला. स्वसंरक्षणार्थ सद्‌भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, ही तरतूदही त्यात आहे. पारध्यांच्या उपजीविकेचा उरलासुरला आधार मात्र या कायद्याने गेला व पर्यायी व्यवसाय त्यांच्यापर्यंत पुरेसा पोहोचला नाही. वाघाच्या कातड्यास व हाडांस परदेशांत मागणी असल्याने संघटित चोरटी शिकार पुढील दशकांत वाढली. २०१२-१३ च्या सुमारास मेळघाटासह विदर्भातील अनेक वनांत लोखंडी सापळे लावून वाघ मारणाऱ्या बहेलिया टोळ्यांचा शोध लागला.

बोर व हिंगणा : नागपूर व वर्धा जिल्ह्यांच्या सीमेवरील बोर धरणाच्या परिसरातील ६१.१० चौ. किमी. क्षेत्र १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१२ मध्ये त्यास नवीन बोर (६०.७० चौ. किमी.) व विस्तारित बोर (१६.३१ चौ. किमी.) या क्षेत्रांची जोड मिळाली आणि २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक होय. एका नर वाघास लागणारे क्षेत्र विचारात घेता एवढ्या जागेत मोजकेच वाघ राहू शकतात. वयात आलेल्या पिल्लांना बाहेर पडावेच लागते व त्यांची वाट हिंगणा, काटोल, कारंजा, सेलू या तालुक्यांतील शेतांमधून जाते. बोरचे महत्त्व त्याच्या आकारमानात नसून मेळघाट, पेंच व उमरेड-कऱ्हांडला या वनांमधील दुवा म्हणून आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहान प्रकल्पक्षेत्रात वाघाचा वावर आढळला, तेव्हा हा दुवा शहराच्या उंबरठ्यापर्यंत येतो हे स्पष्ट झाले.

या पट्ट्यातील संघर्षाचे नित्याचे रूप मात्र वाघाचे नसून रोही व रानडुक्कर यांचे आहे. पेरणीनंतरच्या कोवळ्या रोपांपासून कापणीपर्यंत शेतकऱ्यास रात्री जागली करावी लागते. माळ्यावर बसून डबे वाजविणे, शेकोटी पेटविणे, कुत्री पाळणे, जुनी लुगडी कुंपणाला बांधणे हे परंपरागत उपाय होत. ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन, तूर व संत्रा वाढला, तरी जागली चुकली नाही. जागलीच्या श्रमाची व गमावलेल्या झोपेची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. राज्य शासनाने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या रोही व रानडुकरांना परवानगीने मारण्याची तरतूद केली. परंतु बंदूक व तिचा परवाना जवळ नसलेल्या अल्पभूधारकास तिचा प्रत्यक्ष उपयोग मर्यादितच झाला.

यातून जिवंत विद्युत्‌प्रवाह सोडलेल्या तारांच्या कुंपणाचा घातक प्रकार रूढ झाला. तार रानडुकरासाठी लावली जाते, पण तिच्यात वाघ, गुरे आणि माणसेही सापडतात. २०१७ मध्ये त्याची दोन ठळक उदाहरणे घडली. उमरेड-कऱ्हांडला येथील ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचे अपत्य असलेला ‘श्रीनिवास’ हा वाघ एप्रिलमध्ये नागभीड परिसरात अशा तारेने मरण पावला. ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण जुलैमध्ये पकडून गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून बोरमध्ये सोडण्यात आली. ती तेथे स्थिर झाली नाही. वर्धा, नागपूर व अमरावती या जिल्ह्यांतील शेतशिवारांतून ती शेकडो किमी. भटकली व तिच्या हल्ल्यांत आणखी माणसे दगावली. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. परंतु पथकाची गोळी लागण्यापूर्वीच १४ ऑक्टोबर रोजी कारंजा तालुक्यातील एका शेताच्या विद्युत्‌भारित कुंपणाने तिचा अंत झाला. एका ठिकाणचा उपद्रव उचलून दुसरीकडे नेल्याने तो मिटत नाही, हे या घटनेने दाखविले. नव्या मुलखातील गावांना तिची पूर्वकल्पना नव्हती आणि वाघिणीलाही तो मुलूख अपरिचित होता.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागातील टी-१ अथवा ‘अवनी’ या वाघिणीचे प्रकरण अधिक गाजले. १३ माणसांच्या मृत्यूस ती कारणीभूत असल्याचे मानले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री खाजगी शिकाऱ्याच्या गोळीने ती मारली गेली. या घटनेवर शहरांत निषेध झाला, तर बाधित गावांत सुटकेची भावना व्यक्त झाली. एकाच मृत्यूविषयीच्या या दोन प्रतिक्रियांत प्राणी पाहणारे व त्याच्यासह राहणारे यांच्यातील अंतर दिसून येते.

जागतिक संदर्भ : अधिकार व नुकसान यांची अशी विभागणी केवळ विदर्भापुरती नाही. आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यातील विषुववृत्तीय वर्षारण्यांत तिचे रूप अधिक तीव्र आहे. तेथील इतुरी अरण्यातील म्बुती लोक पारध्यांप्रमाणे जाळी लावून व सामूहिक हाका करून लहान हरणे पकडीत आले. आफ्रिकेत वसाहती असलेल्या यूरोपीय सत्तांनी १९०० मध्ये लंडन येथे वन्यप्राणी संरक्षणाचा करार केला. त्यातही परवानाधारक शिकारीस मान्यता व स्थानिक शिकारपद्धतींवर निर्बंध अशीच दृष्टी होती. पूर्व काँगोतील काहुझी-बियेगा हे राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये झाले व पुढील काही वर्षांत तेथील बात्वा लोकांना मोबदल्याविना रानाबाहेर काढण्यात आले. लाकूडतोडीसाठी केलेले रस्ते, शहरांतून रानमांसास असलेली मागणी आणि हस्तिदंताचा व्यापार यांमुळे बाहेरचे सशस्त्र शिकारी खोल अरण्यात पोहोचले. पकडला जाणारा मात्र बहुधा स्थानिक फासेवालाच असतो. रानाकाठच्या केळी व कसाव्याच्या बागा हत्ती उद्‌ध्वस्त करतात, तेव्हा त्या शेतकऱ्यालाही रात्री डबे वाजवीत जागावे लागते. वर्षारण्य व पानझडी रान, हत्ती व रानडुक्कर असा फरक असला, तरी प्रश्नाची घडण सारखीच आहे.

विदर्भात या प्रश्नावर काही वेगळे प्रयोगही झाले. वनहक्क अधिनियम २००६ मध्ये संमत झाल्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. ताडोबा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी इ. गावांचे पुनर्वसन मोबदला व जमीन देऊन करण्यात आले. त्याच्या यशापयशाविषयी मतभेद असले, तरी सक्तीच्या हकालपट्टीपेक्षा ही वाट निराळी होती.

वर्तमान स्थिती : संरक्षणाचे यश आकड्यांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २००६ मध्ये १०३ होती. ती २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ व २०२२ मध्ये ४४४ झाली. यांतील बहुसंख्य वाघ विदर्भात असून पुष्कळसे संरक्षित क्षेत्रांबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांत राहतात. त्याच भागांत मनुष्यहानीही अधिक होते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. वाकून पाने तोडणाऱ्या माणसाची आकृती वाघास चौपायी जनावरासारखी भासते व अशी कामे पहाटेच्या वेळी चालतात, हे या हंगामातील धोक्याचे प्रमुख कारण सांगितले जाते. तेंदूची मजुरी हे मात्र अनेक घरांचे वर्षातील महत्त्वाचे रोख उत्पन्न असल्याने रानात न जाण्याचा उपदेश निरुपयोगी ठरतो.

मनुष्यहानीबद्दल वारसांना द्यावयाचे अर्थसाहाय्य राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने वाढवून २०२२ मध्ये २० लाख व २०२३ मध्ये २५ लाख रुपये केले. पकडलेल्या वाघ-बिबळ्यांसाठी नागपूरजवळ गोरेवाडा येथे बचाव केंद्र आहे. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात प्राण्यांना जाण्यासाठी रस्त्याखालून मार्ग ठेवण्यात आले असून त्यांतील सर्वांत लांब मार्ग ७५० मी. आहे. हिंगणा तालुक्यातील शिवमडका येथे सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी अशी बांधकामे करण्यात आली. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. कारखाने, वसाहती व रस्ते यांनी वेढलेल्या या तालुक्यात उरलेले रानाचे तुकडे जोडलेले ठेवणे हे पुढील काळातील मुख्य आव्हान आहे.

वाघाच्या अस्तित्वाचा लाभ आता पर्यटन, जलस्रोतांचे रक्षण व राष्ट्रीय प्रतिष्ठा या रूपांनी दूरवरच्या समाजास मिळतो. त्याचा खर्च मात्र अद्याप जागली करणारा कास्तकार, गुरे गमावणारा गुराखी व तेंदू तोडणारी स्त्री यांच्या नावे पडतो. मोबदल्याची रक्कम वाढविणे आवश्यक आहे, परंतु ती मृत्यूनंतर किंवा नुकसान झाल्यावर मिळते. पंचनाम्याची त्वरा, सुरक्षित सौर कुंपणे, रानावाचून भागेल असे सरपण, तेंदूच्या हंगामातील सोबत व गस्त, पर्यटनाच्या उत्पन्नात गावांचा वाटा आणि वनाच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा शब्द हे उपाय नुकसान होण्यापूर्वीचे आहेत. शिकारीच्या बंदीने वाघ वाचला. तो ज्यांच्या शिवारातून जातो त्यांच्या संमतीवाचून तो यापुढे टिकणे कठीण आहे, हे गेल्या दीडशे वर्षांच्या येथील इतिहासावरून दिसून येते.